तीन पायांवर उभी राहिलेली घोडी

नागपूरहून वर्धा, तिथून आर्वीकडची एसटी, आणि फाट्यावरून पुढं कुणाच्या तरी बाईकवर मागं बसून शेत गाठलं. फेब्रुवारीतच ऊन असं की डोक्यावरची ओढणी काढवत नव्हती. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मी समुपदेशक आहे आणि घोड्यांच्या सोबतीनं मानसोपचार कसे करतात याची दोन दिवसांची ओळख करून घ्यायला गेले होते. पहिला दिवस सगळा बोलण्यातच गेला. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये पोलिओ झालेल्या लिस हार्टेलनं घोडेस्वारीत रौप्य मिळवलं आणि घोडा आणि उपचार हे नातं जगाच्या नजरेत आलं, ती गोष्ट ऐकली. पण इथं घोड्यावर बसायचंच नव्हतं. जमिनीवर उभं राहूनच काम, आणि सोबत दोघं लागतात, एक थेरपिस्ट आणि एक घोडा जाणणारा माणूस.

खरं सांगायचं ते दुसऱ्या दिवशीचं.

सकाळी मोकळ्या कुंपणात एक तांबडी घोडी सोडली होती. एकेकानं आत जायचं, दहा मिनिटं थांबायचं, बाहेर येऊन सांगायचं. मी गेले. घोडीनं एक कान माझ्याकडं वळवला, परत फिरवला, आणि मान खाली घालून उभी राहिली, मागचा एक पाय नुसता खुराच्या टोकावर टेकवून. मी गोड बोलले, हात पुढं केला, दोन पावलं सरकले. काही नाही. दहा मिनिटं एवढी लांब असतात हे मला तेव्हा कळलं.

बाहेर येऊन म्हणाले, ती नाराज आहे, मला टाळतेय, आणि बहुतेक पायही दुखतोय तिचा.

शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे तुला वाटलं. दिसलं काय ते सांग."

मला सांगताच येईना. १२ वर्षं माणसांसमोर बसून काम करतेय मी, आणि दिसलेलं नुसतं सांगता येईना!

तेवढ्यात कुंपणाशी चंदीची पाटी घेऊन उभे असलेले काका बोलले. आयुष्यभर वरातीची घोडी सांभाळलेला माणूस. "थे नाराज नाही मॅडम, झोप येऊन रायली तिले. खालचा ओठ पाहा ना कसा लोंबून रायला. घोडं असंच पाय ढिला सोडून उभ्यानं झोपते. तुमच्याजवळ भेव वाटलं असतं त झोपली असती का?"

घोडा शिकार होणारा प्राणी, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं, तो सतत सावध असतो, हे सगळं आदल्या दिवशी मी वहीत लिहून घेतलं होतं. असा प्राणी माझ्यासमोर डुलकी घेत होता आणि मी त्याला नाराज ठरवलं.

दुपारी मावशींनी वाढलेली ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत घशाखाली उतरेना. मला एक बाई आठवत होती. नवरा गेल्यावर माझ्याकडं यायची, दोन एसट्या बदलून, कापूस वेचून झाल्यावर. बोलायची नाही. चार वेळा आली, मग आलीच नाही. तिच्या फाईलवर मी लिहिलं होतं, 'प्रतिसाद देत नाही, सहकार्य नाही.'

एक तक्रार मात्र आहे. शेवटी आम्हा सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, फोटो झाले, आणि काका तेव्हा मागं खरारा करत होते. त्यांना कुणी बोलावलं नाही. हे मला अजिबात पटलं नाही आणि आयोजकांना मी तसं सांगितलं. जोडीतला घोडा जाणणारा माणूस म्हणजे शेवटी कोण असतो?

घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. हातपाय धुतले आणि आधी ती फाईल काढली. जुन्या ओळीवर काट मारून खाली लिहायला घेतलं: खुर्चीच्या कडेला बसली. पदराचं टोक मुठीत. बोटांना चिरा. डोळे मिटत होते.

याहून जास्त मला आठवलं नाही.