पेसापालो म्हणजे फिनलंडचं बेसबॉलच ना?

पेसापालो हा फिनलंडचा राष्ट्रीय खेळ म्हणून ओळखला जातो. हे सांगितलं की हाच प्रश्न हमखास येतो, आणि पाठोपाठ दुसरा : हा खेळ काढला कुणी? तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण हा खेळ बनवणारा माणूस समजला की नियम आपोआप समजतात.

लाउरी पिहकाला यांचा जन्म १८८८ चा, मध्य फिनलंडमधल्या पिहतिपुदास गावचा. घराण्याचं आडनाव गुम्मेरुस. १९०६ मध्ये हजारो फिनिश कुटुंबांनी स्वीडिश वळणाची आडनावं बदलली, तेव्हा ते पिहकाला झाले. लोक मात्र त्यांना ‘ताहको’ या टोपणनावानंच ओळखत. १९०८ च्या लंडन आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ते उतरले. स्टॉकहोमला ८०० मीटर धावले. पदक मिळालं नाही. त्याच स्पर्धेत त्यांचे देशबांधव हान्नेस कोलेहमाइनेन यांनी लांब पल्ल्याची तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि रशियाच्या अमलाखालच्या या छोट्या देशाला खेळातून ओळख मिळू शकते हे सगळ्यांना दिसलं. पिहकाला यांनी पुढचं आयुष्य याच कामाला दिलं. ते अमेरिकेत जाऊन तिथल्या प्रशिक्षणपद्धती शिकले. परत आल्यावर धावपटूंना मेहनत आणि विश्रांती यांची ठरवून आखलेली लय शिकवू लागले, त्याबद्दल लिहू लागले.

बेसबॉल त्यांनी अमेरिकेतच पाहिला. त्या खेळात चेंडू फेकणारा आणि झेलणारा यांच्यातच बराच वेळ जातो, बाकीचे उभे राहतात. धावपटूच्या नजरेला हे खटकणारच. फिनलंडमध्ये चेंडू-दांडूचे जुने गावठी खेळ होतेच. त्यांत बेसबॉलचे तळ (म्हणजे बेस, धावणाऱ्यानं एकेक करून गाठायचे थांबे) आणि डाव घालून, अनेक प्रयोग करून, १९२२ पर्यंत त्यांनी पेसापालोचे नियम पक्के केले.

सगळ्यात मोठा बदल चेंडूफेकीत आहे. फेकणारा समोर लांब उभा राहत नाही. तो फलंदाजाच्या शेजारीच, ६० सेंटिमीटर व्यासाच्या गोल तबकडीपाशी उभा राहतो आणि चेंडू सरळ वर उडवतो : स्वतःच्या डोक्याच्या किमान एक मीटर वर. फटका बसला नाही तर चेंडू त्या तबकडीवरच पडायला हवा. बुटका उडाला किंवा तबकडीबाहेर पडला तर फेक चुकीची, आणि अशा चुका साचल्या की फलंदाजाच्या संघाला पुढचा तळ फुकट मिळतो. सरळ वर उडालेला चेंडू मारणं अवघड नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येक चेंडू मैदानात जातो. मग नऊच्या नऊ क्षेत्ररक्षकांना पळावंच लागतं. चेंडू नुसता लागून भागत नाही, कुठे मारायचा हे महत्त्वाचं ठरतं.

तळही चौकोनात नाहीत. पहिला तळ डावीकडे, पुरुषांच्या मैदानात घरापासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, २० मीटरवर. दुसरा मैदान ओलांडून उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. पल्ला पुढे वाढत जातो. पहिला तळ जवळ असल्यानं खेळ लगेच चालू होतो, पण सगळे तळ फिरून घरी परतायला, म्हणजे धाव पुरी करायला, खरी दमछाक होते. फलंदाजाला तीन फटके मिळतात. पहिल्या दोनवर धावलंच पाहिजे असं नाही. तळांवरच्या साथीदारांना पुढे पाठवून तो स्वतः थांबू शकतो. तिसऱ्यावर मात्र पळावंच लागतं.

क्रिकेट पाहून मोठं झालेल्यांची पहिली चूक इथे होते : ते षटकार मारायला जातात. मैदानाच्या दूरच्या टोकाच्या सीमेपलीकडे थेट पडलेला चेंडू इथे अवैध असतो. दुसरी चूक झेलाची. झेल घेतला तर फलंदाज आणि त्या फटक्यावर धावायला निघालेले खेळाडू ‘जखमी’ ठरून बाहेर जातात, पण ते बादमध्ये मोजले जात नाहीत. बाद होतो तो, ज्याच्या आधी चेंडू तळावर पोचतो. असे तीन झाले की डाव पालटतो. उलट, आपल्याच फटक्यावर थेट तिसरा तळ गाठला तर धाव मिळते आणि फलंदाज तिथेच टिकून राहतो.

‘जखमी’ हा शब्द योगायोगानं आलेला नाही. १९१८ च्या फिनिश यादवी युद्धात पिहकाला ‘पांढऱ्या’ बाजूचे, म्हणजे कामगारांच्या ‘लाल’ गटाविरुद्ध लढलेल्यांपैकी, होते. नंतर नागरी रक्षकदलाच्या क्रीडाविभागाची धुरा त्यांनी वाहिली. फेकणं, आडोशापासून आडोशापर्यंत झेपावणं, हुकूम पाळणं हे सैनिकी गुण अंगी यावेत हा त्यांचा उघड हेतू होता, आणि खेळ पसरला तो शाळांबरोबर या दलातूनही. कामगारांनी १९१९ मध्ये आपला वेगळा क्रीडासंघ काढला होता. पिहकाला वंशशुद्धीच्या विचारांचेही पुरस्कर्ते होते. त्यांचं कौतुक करताना हे गाळणं मला अप्रामाणिक वाटतं. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पेसापालोचा प्रदर्शनीय सामना झाला तो पेसापालो महासंघ आणि तोच कामगार क्रीडासंघ यांच्यात. महासंघानं तो ८-४ असा जिंकला.

लाहती शहरातले स्की-सामने १९२३ मध्ये सुरू झाले तेही त्यांच्याच पुढाकारानं. शाळांना हिवाळ्यात स्कीइंगची सुट्टी मिळते, त्यामागेही त्यांचा आग्रह होता. १९८१ मध्ये, ९३ व्या वर्षी ते गेले.

२०१९ चा पेसापालो विश्वचषक आपल्या पुण्यात झाला होता. तेव्हापासून ‘आम्हाला खेळून पाहता येईल का’ असंही विचारतात. जरूर. जमिनीवर ६० सेंटिमीटरचं वर्तुळ आखा आणि आधी फक्त वर फेकायचा सराव करा, कारण नवख्या सामन्याचा विचका बहुतेक तिथेच होतो. पुरुषांचा चेंडू १६० ते १६५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या तोलाचा असतो. हातमोजे नसतील तर टेनिसचा चेंडू घ्या.