थ्रेडचं हँडल मागताना

सर्व्हरवर आमच्या प्रोग्रामचा एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं एक काम, सीपीयू खात होता. काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या 'टॉप' कमांडला, थ्रेड सुटे दिसावेत म्हणून, एच लावून बघितलं तर अकरा ओळी आणि सगळ्यांचं नाव एकच, प्रोग्रामचंच! लिनक्सवर नवा थ्रेड त्याला सुरू करणाऱ्या थ्रेडचंच नाव घेऊन येतो. त्यातला वाचणारा कोणता, लिहिणारा कोणता, काही कळेना.

सी प्लस प्लसमध्ये 2011 पासून थ्रेड क्लास आहे, पण थ्रेडला नाव द्यायची सोय त्यात नाही. त्यासाठी नेटिव्ह हँडल, म्हणजे खालच्या सिस्टिमची त्या थ्रेडची ओळखखूण, मागायचं. लिनक्सवर पीथ्रेड या थ्रेड लायब्ररीचं हँडल मिळतं, ते पीथ्रेडच्या सेटनेम फंक्शनला द्यायचं. मी हौसेने मराठी नावं दिली. 'वाचक' लागलं, 'लेखनिक' लागेना. फंक्शनने परत दिलेला आकडा मी तपासलाच नव्हता; छापून बघितला तर 34, म्हणजे नाव मर्यादेबाहेर. शेवटचा शून्य धरून सोळाच बाइट चालतात. संध्याकाळी अंधेरीहून दादरला येताना लोकलमध्ये उभ्या उभ्या बोटांवर मोजलं: युटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं. 'वाचक' बारा, 'लेखनिक' अठरा. दुसऱ्या दिवशी लेखनिकचा 'लेखक' केला.

मग लॉग लिहिणाऱ्या थ्रेडपाशी प्रोग्राम कोसळला. जीडीबीत, म्हणजे चुका शोधायच्या डीबगरमध्ये, बघितलं तर हँडलच्या जागी शून्य. तो थ्रेड आम्ही डिटॅच करत होतो, म्हणजे ऑब्जेक्टपासून सुटा करून आपला आपण चालू देत होतो, आणि हँडल मी त्याच्या पुढच्या ओळीत मागत होते. शेजारी बसणारी ताई म्हणाली, "अगं, डिटॅच केल्यावर तो थ्रेड त्या ऑब्जेक्टकडे राहिलाच कुठे?" मी म्हटलं, मग हँडल आधीच काढून ठेवते आणि नंतर वापरते. "आणि तोवर थ्रेड संपला असला तर?" डिटॅच केलेला थ्रेड संपला की जपून ठेवलेलं हँडल कशाचंच उरत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशी चूक दहादा चालते आणि अकराव्यांदा रात्री पाडते.

शेवटी थ्रेडनेच सुरुवातीला स्वतःचं हँडल पीथ्रेड सेल्फ या फंक्शनने घेऊन स्वतःला नाव द्यायचं, असं केलं. बाहेरून कुणी काही मागायचं नाही.

'टॉप'मध्ये प्रत्येक थ्रेडपुढे दिसणारा क्रमांक म्हणजे हे हँडल नव्हे. तो कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, गेटटिड या फंक्शनने मिळतो. तोही लॉगमध्ये छापला आणि दोन्हीकडचे आकडे जुळवले.

सीपीयू खाणारा 'वाचक' निघाला. ज्या रांगेतून तो वाचायचा ती रिकामी असली तरी न थांबता सारखा तिच्यात डोकावत होता. तिथे कंडिशन व्हेरिएबल लावला, म्हणजे रांगेत काही आल्याची खूण मिळेपर्यंत तो झोपून राहतो.