एकवीस रुपयांचा वाडा नव्हताच

मागच्या नोंदीतला तो बेपत्ता वाडा अखेर सापडला, म्हणजे तो कधी नव्हताच हे सापडले. १८५० च्या २६ व्या कायद्याखाली स्थापन झालेल्या नगरपालिकेच्या घरपट्टीच्या मोडी वहीच्या बालबोध (देवनागरी) नकलेत त्या गल्लीतील बहुतेक घरांना दोन-तीन रुपये आकारणी असताना एकाच घरासमोर २१ हा आकडा होता, आणि त्याच्या जोरावर मी रस्तारुंदीत पाडलेला एक दुमजली वाडा कल्पनेत उभा केला होता. ठरावबुके, नुकसानभरपाईच्या नोंदी, बांधकाम परवानगीचे अर्ज हे सारे तीन महिने चाळले. शेजाऱ्याच्या अर्जातील चतुःसीमेत पश्चिमेस 'दोन खणांचे घर', म्हणजे लहानसे घर, असे स्वच्छ लिहिलेले होते. ते मी लेखनिकाची चूक म्हणून बाजूला सारले, याची आता लाज वाटते.

कोडे सुटले ते पानाखालच्या बेरजेमुळे. वहीत बेरीज ३७॥ (साडेसदतीस) होती, माझी दर वेळी ५६। (सव्वाछप्पन्न) येई. फरक १८॥।, म्हणजे पावणेएकोणीस. एकवीस आणि सव्वादोन यांतले अंतर नेमके तेवढेच आहे, हे लक्षात आल्यावर बालबोध नक्कल मिटवली आणि मूळ मोडी वहीचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तर, मागवला. तेथे २ च्या पुढे एक सरळ उभी रेघ आहे. ती पाव रुपयाची, चार आण्यांची. मोडीतल्या १ ला माथ्याशी असते ती वळणदार गाठ तिला नाही. ॥ दिसले की अपूर्णांक ओळखू येतो, पण एकटी रेघ आकड्यात मिसळून जाते, आणि नक्कलकाराचे तसेच झाले.

दोष एकट्या नक्कलकाराचा नाही. मूळ पानाचे छायाचित्र माझ्याकडे वर्षभर होते, पण ते स्कॅनिंग अ‍ॅपच्या कृष्णधवल पर्यायात घेतलेले, आणि मागच्या पानावरून उतरलेल्या शाईचा डाग त्यात रेघेचा माथा होऊन बसला होता. हा पर्याय छापील कागदासाठी ठीक असेल. बोरूच्या लिखाणासाठी तो निरुपयोगी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. खिडकीचा तिरपा उजेड आणि रंगीत छायाचित्र, एवढेच पुरते.

पुढच्या महिन्यात ही घरे सिटी सर्व्हेच्या नकाशावर बसवायची होती. ते काम लांबणीवर टाकून, नक्कलवहीतील एकाने संपणारा प्रत्येक आकडा मुळाशी ताडून पाहायचे ठरवले होते. परंतु हे लिहिता लिहिताच सुचले की एवढ्या कष्टांची गरज नाही. एकेरी आकड्यापुढची पाव रेघ एक म्हणून वाचली गेली, तर फरक नेहमी त्या आकड्याची नऊपट अधिक बारा आणे इतका येणार. नक्कलकाराने बेरजा नव्याने न करता मुळातल्याच उतरवल्या आहेत (त्या आळसाबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत), त्यामुळे आधी प्रत्येक पानाची बेरीज करावी आणि तफावत निघेल तेवढ्याच पानांसाठी रुमाल सोडावा.

लेखन थांबवून तीन पाने तपासली. दोन जुळली. तिसऱ्यात तफावत ९॥। आली, म्हणजे तेथे कोणाचा तरी सव्वा रुपया अकरा होऊन बसला आहे, आणि त्या पानावर ११ हा आकडा एकदाच आहे.