ओला कचरा घरात ढीगभर, पण पाला कुठून आणायचा?

घरी खत करायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात बिन कुठला घेऊ. माझं म्हणणं, बिन राहू द्या, आधी सुका पाला कुठून मिळेल ते बघा. ओल्या कचऱ्याची काय ददात, भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा रोज निघतोच, पण वर टाकायला सुकं काही नसलं की त्याला पाणी सुटतं आणि मग जो वास येतो ना, घरचेच म्हणतात बंद कर हा उद्योग.

आम्ही कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो, बाल्कनी पूर्वेची. पेंटरकडून रंगाच्या रिकाम्या बादल्या घेतल्या, धुवून तळाला आणि बाजूने भोकं पाडली, खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर पाला आणि विरजण म्हणून थोडं आंबट ताक. बस. बाजारातली महागडी पावडर मला तरी लागली नाही.

पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये इतका पाला पडतो की रस्ते झाडणाऱ्यांचे हाल होतात, आणि मग कुठेतरी कोपऱ्यात तो पेटवतात. आमच्या गल्लीतल्या मावशींना म्हटलं, मावशी पेटवू नका, मी पोती आणून देते. त्या म्हणाल्या, "न्या की ताई, सगळाच न्या!" रेन ट्रीची बारकी पानं लवकर कुजतात, आंबा-फणसाची जाड पानं मात्र चुरल्याशिवाय महिनोन्‌महिने तशीच दिसतात. अदिती देवधर यांनी 2016 मध्ये पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम सुरू केला तो ह्याच पाल्यासाठी, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने हवा असेल त्याला द्यायचा. इतकी साधी गोष्ट, पण हे कुणीतरी जुळवून द्यावं लागतं.

कार्बन-नायट्रोजनचं (पाल्यात कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन) 30 ला 1 वगैरे गणित वाचलं होतं, पण रोज सकाळी डबा रिकामा करताना कोण मोजत बसणार? एक ओंजळ ओलं, दोन ओंजळी पाला. मधूनच मूठभर घेऊन दाबून बघायचं, बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून पाला, भुरभुरीत वाटलं तर पाण्याचा हबका.

पावसाळ्यात जाड करड्या अळ्या झाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या स्वयंपाकघरात आल्या म्हणजे?" त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, कचरा भराभर संपवतात, आणि ती माशी चावतही नाही. काही अळ्या बाहेर सरपटतात हे खरं, पण त्या साळुंक्या टिपून नेतात. आता सासूबाईच साळुंक्यांची वाट बघतात.

दोन-अडीच महिन्यांत काळं, मोकळं खत झालं, चाळून घेतलं, वरचा चोथा पुन्हा बादलीत. कुंडीत माती कमी, खत आणि पाला जास्त, म्हणजे बाल्कनीवर वजन येत नाही. पालक, अंबाडी मस्त आली, मायाळू तर ग्रिलवरून वरच्या काकूंकडे पोचली, त्या भजी करतात आणि आम्हाला पाठवतात. टोमॅटो खतातून आपोआप उगवले, पण आमच्याकडे ऊन फक्त सकाळचं, त्यामुळे पानंच पानं. फळभाजीला पाच-सहा तास ऊन पाहिजे, खत कितीही भारी असो.

सध्या पार्किंगच्या कोपऱ्यात पाल्याची पोती रचलीयेत, सेक्रेटरींची कुरकुर चालू आहे, पण जूननंतर सगळा पाला भिजलेलाच मिळतो, त्यामुळे साठवायचा तो आत्ताच.