मंजुरीत नसलेला पाइप

सार्वजनिक वाचनालयाच्या एकाच कोपऱ्याचे अंदाजपत्रक मी दोन वर्षांत दोनदा केले आहे. पहिल्या वेळी भिंतीवरचा लोणा, म्हणजे ओलीने वर आलेला क्षार, आणि सुटलेले पोपडे पाहून मी गिलावा व रंगकाम सुचवले. निधी आला, काम झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात डाग त्याच जागी, त्याच आकारात उमटला. मी गच्चीवर चढलोच नव्हतो, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या वर्षी देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून पुन्हा प्रशासकीय मान्यता मिळाली. कामाचे नाव होते ‘अंतर्गत गिलावा व रंगकाम’. मान्यतेत नाव एकदा छापले गेले की निधी त्या नावाला बांधला जातो, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. भिंतीला खरोखर काय हवे आहे, हा प्रश्न त्यानंतर गैरलागू ठरतो.

या खेपेस मी आधी कारण शोधायचे ठरवले. गच्चीवरच्या पाइपाचे तोंड बंद करून कोब्यावर 48 तास पाणी साठवून ठेवले. खाली थेंबही उतरला नाही, म्हणजे ज्या गच्चीला सगळे दोष देत होते ती निर्दोष होती. मग तेच पाणी पाइपात सोडले. दर्शनी बाजू स्वच्छ दिसावी म्हणून पावसाच्या पाण्याचा बिडाचा पाइप बांधकामाच्या वेळीच भिंतीत गाडलेला आहे. (अशी कल्पना सुचणाऱ्यांना त्या भिंतीला टेकून एक पावसाळा बसवले पाहिजे.) मी खाली कोपऱ्यात उभा होतो. पाच-सहा मिनिटांत तुळईच्या खाली, पाइपाचा सांधा असावा अशा जागी, रंग तळहाताएवढा गडद झाला आणि बघता बघता ओल जमिनीकडे उतरू लागली.

तुळईच्या त्या टोकाला हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, म्हणून तो भाग फोडला. सळईवरचा गंज थराथराने सुटत होता. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतूनच फोडतो. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कधर्मात रंग बदलणारे द्रावण फवारले. धड काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे त्याने गर्द गुलाबी होते. इथे सळईच्या मागेही दोन बोटे रंग चढला नाही. सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा गुणच तिथे संपला होता, आणि त्यावर मी गिलावा चढवणार होतो.

बाहेरून नवा पाइप टाकायला दोन दिवस पुरले असते आणि त्याचा खर्च गिलाव्यापेक्षा पुष्कळ कमी होता. तसा प्रस्ताव दिल्यावर लेखा विभागाने विचारले, “कामाच्या नावात पाइप कुठे आहे?” प्रश्न नियमाला धरून होता, त्यामुळे चीडही धड येईना. सुधारित मान्यता घ्यायची तर प्रकरण पुन्हा सभेपुढे जाणार आणि तोवर आर्थिक वर्ष संपून निधी व्यपगत होणार, म्हणजे न वापरता हातचा जाणार. साहेब म्हणाले, “गिलावा उरकून घ्या, पाइपाचे पुढच्या वर्षी बघू.” ते वाईट अभियंते नाहीत, व्यपगत निधीचा खुलासा मात्र त्यांना आयुष्यात पुष्कळ वेळा द्यावा लागला आहे, गळक्या सांध्याचा एकदाही नाही.

मी सही केली. गिलाव्यापूर्वीची पृष्ठभागाची तयारी म्हणून जेवढे बसवता आले तेवढे, म्हणजे सळई घासून तिला गंजरोधक लेप, करून घेतले. पाइपाविषयी स्वतंत्र टिपणी लिहिली, छायाचित्रे जोडली. ती टिपणी मी इमारतीसाठी लिहिली की उद्या चौकशी झाली तर स्वतःसाठी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

काम मोजायला गेलो तेव्हा गिलावा ओळंब्यात होता, कडा सरळ होत्या. मोजमाप पुस्तकात नोंद करताना कुठे अडखळायला जागा नव्हती. कोशांची मांडणी मात्र भिंतीपासून हातभर पुढे होती. ती मागे सरकवू का, असे रंगाऱ्याने ग्रंथपालबाईंना विचारले. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, “राहू द्या तिथेच.”