आप्पासाहेबांचे औंध

सातारा जिल्ह्यातल्या औंधचा म्हटले की लोक यमाईचे देऊळ आणि डोंगरावरचे भवानी संग्रहालय यांची चौकशी करतात. मी मात्र दर वेळी आप्पासाहेब पंतांचे नाव काढतो. शाळेत सूर्यनमस्कार घालताना औंध संस्थानचे राजे बाळासाहेब महाराज यांचे नाव रोज कानावर पडे. त्यांच्या या मुलाची गोष्ट आम्हाला इतिहासाच्या सरांनी सांगितली, तीही पाठ्यपुस्तक मिटून.

आप्पासाहेबांचा जन्म 1912 चा. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत आले ते वडिलांना राज्य सोडायला सांगण्यासाठी. बहात्तर गावांचे संस्थान. काही गावे इथे, काही माणदेशात आटपाडीकडे, काही पार विजापूरच्या बाजूला. पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन आणि आप्पासाहेब गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी 1939 मध्ये कारभार गावपंचायतींच्या हाती आला. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ वर्षे होती! आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर कैदी भिंतीविना राहून शेती करत. त्यावरूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा सुचली आणि ती लिहिणारे गदिमाही औंधच्याच शाळेत शिकलेले.

मला वाटते, आप्पासाहेबांचा परराष्ट्र खात्यातला सगळा काळ या गावांच्या उजेडात पाहायला हवा. 1948 मध्ये नेहरूंनी त्यांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. तिथे आपले व्यापारी होते, रेल्वेसाठी गेलेल्यांची कुटुंबे होती. त्यांचीच बाजू सांभाळणे सोपे होते. पण देश आफ्रिकी माणसाचा आहे, हे नेहरूंचे म्हणणे त्यांनी मनापासून मानले. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या केन्याट्टांसारख्या नेत्यांशी मैत्री केली, आफ्रिकी मुलांना भारतात शिकता यावे म्हणून धडपडले. इंग्रज सरकारला हे खुपले. तक्रारी झाल्या आणि 1954 मध्ये त्यांना तिथून हलावे लागले. स्वतःच्या घरातली सत्ता रयतेला देऊन आलेला माणूस परक्या सत्तेपुढे गप्प कसा बसणार?

पुढे ते गंगटोकला राजकीय अधिकारी होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटशी असलेला संबंध त्यांच्याकडे होता. 1958 मध्ये नेहरू नाथू ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तेव्हा आप्पासाहेब बरोबर होते. दलाई लामा भारतात आले, तेव्हाही ते गंगटोकलाच होते. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम.

आणि हे सारे त्यांनी लिहून ठेवले, हे आपले भाग्य. ‘अ मोमेंट इन टाइम’ 1974 चे, ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स’ 1987 चे. औंधच्या प्रयोगावरचे ‘ॲन अनयुजुअल राजा’ मला सर्वांत जवळचे. वडिलांविषयी इतक्या आदराने आणि इतक्या मोकळेपणी लिहिलेले मी क्वचित वाचले आहे.

शाळेच्या वाचनालयासाठी या पुस्तकाची माझी प्रत मी देत आहे. बाकीची कोणा माजी विद्यार्थ्याकडे असतील तर त्यांनी जरूर द्यावीत. इंग्रजी मुलांना जड जाईल, म्हणून गुरुजनांनी औंधचा भाग तरी वर्गात मराठीतून सांगावा. आणि नववीची एक सहल दरवर्षी स्वतंत्रपूरला न्यावी; खर्चाचा वाटा आमची तुकडी आनंदाने उचलेल.