ठाण्याहून पेंधरला, आणि तिथून पुढे शेअर रिक्षाने

मावशीने तळोज्यात घर घेतल्यापासून ‘ये गं एकदा’ चालू होतं. गेल्या शनिवारी गाडी न काढता गेले. कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडायची. वाशी लोकलमध्ये बसू नका, तुर्भ्यानंतर तिची वाट वेगळी होते. वेळा मी एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघते, नेट नसलं तरी वेळापत्रक उघडतं. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवा. मोबाइलवर तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी काढा. 

बेलापूरला उतरून मेट्रो. बेलापूर ते पेंधर ११ किलोमीटर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. प्रवास छानच झाला.

खरा प्रश्न पेंधरला उतरल्यावर. इथवर फोनने बोट धरून आणलं होतं. आता नकाशावर मावशीच्या सोसायटीपर्यंत चालायची ठिपक्यांची रेघ तेवढी दिसत होती. खाली मात्र रिक्षा उभ्या होत्या आणि एक जण ओरडत होता, “एक सीट, एक सीट!”

“दादा, फेज टू?”

“बसा ताई, निघालोच.”

दादांनी नोटा उभ्या दुमडून बोटांत धरलेल्या. सीटच्या पाठीला क्यूआरचा स्टिकर होता, पण कोपरा फाटून तो स्कॅनच होईना. वीस रुपये सुटे होते म्हणून निभावलं. सुटे पैसे जवळ ठेवाच, आणि बसण्याआधी शेजारच्या बाईला भाडं विचारा.

ही रिक्षा कुठून सुटते, कुठे थांबते, किती घेते, हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. नव्या माणसाला कुठेच सापडत नाही. नैरोबीतल्या मटाटूंचंही, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचंही, असंच होतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी फोन घेऊन त्यांतून प्रवास केला, मार्ग आणि थांबे नोंदवले, २०१४ मध्ये नकाशा काढला, आणि पुढे ते मार्ग गूगल मॅप्सवरही आले. ही माहिती जीटीएफएस नावाच्या ठरलेल्या साच्यात भरतात. त्या साध्या मजकुराच्या फायली असतात. वेळापत्रक नसलं तर ‘दर इतक्या मिनिटांनी’ असंही लिहिता येतं. म्हणजे शेअर रिक्षाही त्यात बसते. आपल्या प्रत्येक स्टँडसाठी हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बसचं अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी एक अनुभव. मध्यंतरी एका थांब्यावर ‘८ मिनिटं’ वाचून मी अर्धा तास उभी होते. ती वेळ वेळापत्रकातली होती, बसमधल्या जीपीएसची नव्हती. म्हणून नकाशावर बस प्रत्यक्ष सरकताना दिसते का ते बघा. सरकत नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

परतताना मी रिक्षात फोनवर मार्ग रेकॉर्ड केला. माणसं चढली-उतरली त्या पाच जागांवर खुणा केल्या. एका जागेला नाव नव्हतं. रिक्षावाले दादा म्हणाले, “पाण्याची टाकी लिहा, सगळे तेच म्हणतात.” रात्री शेवटची रिक्षा कधी, हेही विचारलं.

“शेवटच्या मेट्रोची माणसं असेपर्यंत आम्ही असतो.”

तेही लिहून ठेवलंय.